खर्जातले गृहस्थ

गाणं सुरू झालं की माणसं गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. थोडी जाणकार असली तर गिटारवाल्याच्या बोटांकडे. तिसऱ्या प्रकारचा माणूस कुठेच बघत नाही. मान किंचित कलती, एक कान जमिनीकडे, कपाळाला आठी. फरशीखालचा नळ गळतोय की काय याचा अंदाज घेत असल्यासारखा तो उभा असतो. गाणं संपतं, टाळ्या पडतात, आणि हा गृहस्थ शेजारच्याला कोपरानं ढोसून विचारतो, "ऐकलंत?" शेजारच्यानं सगळं ऐकलेलं असतं, नेमकं तेवढं सोडून.

हा बेसभक्त. बेस म्हणजे बेस गिटार. चार जाड तारा, लांबलचक मान, आणि साध्या गिटारीपेक्षा एक सप्तक खालचा आवाज. हा भक्त जगभर विखुरलेला आहे, पण अस्सल वाणाचा हवा असेल तर तो इंग्लंडात, साठीच्या पलीकडे आणि 'येस' नावाच्या बँडच्या आसपास सापडतो. 'येस' १९६८ साली लंडनमध्ये निघाला. तीन मिनिटांच्या प्रेमगीतांना कंटाळलेल्या इंग्रज पोरांनी त्या सुमारास प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचं प्रकरण काढलं होतं. त्यात एकच गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खातं, ताल वाटेल तिथे कूस बदलतो, शब्दांचा अर्थ विचारायचा नसतो आणि कव्हरवर डोंगर हवेत तरंगत असतात. या प्रकरणातले पंतप्रधान म्हणावेत असे जे चार-पाच बँड झाले, त्यांत 'येस' एक. आणि 'येस'चा बेसवाला ख्रिस स्क्वायर हे या भक्तांचं आराध्यदैवत.

असा एक भक्त आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो.

आमचं घर हॅरोत, म्हणजे लंडनच्या वायव्येला. घर 'सेमी' आहे. सेमी म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे, मधे एक भिंत. त्या भिंतीपलीकडे हे गृहस्थ आणि त्यांच्या मिसेस. त्यांना एक चांगलं इंग्रजी नाव आहे, पण आम्ही राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या बायकोनं त्यांचं 'खर्जे' करून टाकलं आणि आमच्या घरापुरतं तेच चालू झालं. कारण असं की त्यांच्या घरी गाणं लागलं की आमच्याकडे गाणं येत नसे. त्याचा फक्त खर्ज येत असे. उंच सूर भिंतीत विरतात, खालचे सूर भिंतीलाच हलवत पलीकडे उतरतात, हे भौतिकशास्त्र मला शाळेत होतं, पण पटलं ते हॅरोला. गाणारा नाही, गिटार नाही, झांजा नाहीत. नुसती एक जाडजूड, चपळ, चालती-बोलती रेघ आमच्या दिवाणखान्यातून फिरायची. वरणाला फोडणी देता देता बायको म्हणायची, "अहो, आज तो लंगडणारा तुकडा नाही वाजला."

एकदा कुंपणावरून बोलताना मी हे सहज खर्जेंना सांगितलं. मनात होतं की माणूस ओशाळेल, आवाज कमी करेल. खर्जेंचा चेहरा उजळला. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही नुसता बेस ऐकता? बाकी काहीच नाही?" त्यांच्या आवाजात चक्क असूया होती. आयुष्यभर जे वेगळं काढून ऐकण्यासाठी त्यांनी हेडफोन बदलले, स्पीकर बदलले, ते एका परदेशी शेजाऱ्याला भिंतीनं फुकटात दिलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या दृष्टीनं अधिकारी पुरुष झालो.

पण दुसऱ्याच दिवशी ते दारात उभे. रात्रभर झोप लागली नव्हती. "तुमच्यावर अन्याय होतोय," म्हणाले. "तुम्हाला अर्धाच स्क्वायर मिळतोय."

मग मला दारातच रिकेनबॅकर समजावून सांगण्यात आली. स्क्वायरची बेस रिकेनबॅकर कंपनीची, ४००१ या मॉडेलची, इंग्लंडात विकण्यासाठी १९९९ असा वेगळा क्रमांक दिलेली. तारांखाली आवाज टिपणारे दोन पिकअप असतात. साधा माणूस दोन्हींचा आवाज एकत्र करून एका ॲम्प्लिफायरला जोडतो. स्क्वायरनं आपल्या वाद्याचं वायरिंगच बदलून ते दोन वेगळे काढले. खालचा पिकअप एकीकडे, गोल आणि स्वच्छ. वरचा दुसरीकडे, मुद्दाम फाडलेला, कर्कश. त्यावर रोटोसाउंडच्या गोल वेढ्यांच्या तारा, ज्या पियानोसारख्या खणखणतात, आणि बोटांऐवजी प्लेक्ट्रम. "तुमच्या भिंतीतून फक्त खालचा पिकअप येतोय," खर्जे कळवळून म्हणाले. "वरचा आमच्याकडेच राहतो."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की आपल्या घरचं पाणी शेजाऱ्याच्या नळाला अर्धंच जातं हे आज कळलं. शनिवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावून उरलेला अर्धा दिला. तेव्हा पहिल्यांदा मी 'येस' पूर्ण ऐकला. गायकाचा आवाज ऐकून दचकलो. इतकी वर्षं भिंतीपलीकडे कुणी गात होतं, याची कल्पनाच नव्हती.

खर्जेंचा पेशा वेळापत्रकाचा. लंडनच्या बसगाड्या कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी याव्यात, हे ठरवण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी बसथांब्यावर उभे असले की एकदा घड्याळ आणि एकदा रस्ता बघतात आणि बस दोन मिनिटं उशिरा आली तर चालकाकडे असं पाहतात की तो बिचारा उगाचच 'सॉरी' म्हणतो. कुणाकडे चार वाजता बोलावलं असेल तर पावणेचारला पोचून कोपऱ्यावर गाडीत बसून राहतात. असा हा माणूस ज्याची पूजा करतो, तो ख्रिस स्क्वायर रॉकच्या इतिहासातला एक नामांकित उशीरबहाद्दर. तालमीला उशीर, रेकॉर्डिंगला उशीर, गाडीत सगळे खोळंबलेले आणि हे महाशय आंघोळीला. न्हाणीघरातून बाहेर यायला इतका वेळ लागायचा की त्याचं नाव 'फिश' पडलं आणि १९७५ साली स्वतःची रेकॉर्ड काढली तेव्हा त्यानं तिचं नावही 'फिश आउट ऑफ वॉटर' ठेवलं. ड्रमवाला बिल ब्रुफर्ड या उशिरापायी कातावलेला असे, हे जगजाहीर आहे. १९७२ साली तो बँड सोडून 'किंग क्रिम्सन'मध्ये गेला. त्याला संगीताचीच कारणं होती, पण खर्जेंच्या मते चांगला ड्रमवाला आणि चांगला वेळापत्रकवाला एकाच कारणानं नोकरी सोडतात.

"मग तुम्ही स्क्वायरला माफ कसं करता?" मी विचारलं.

"माफ कशाला?" खर्जे म्हणाले. "स्टुडिओत उशिरा यायचा, मात्रेवर नाही."

त्यांच्याकडे स्वतःची बेसही आहे. रिकेनबॅकरनं १९९१ मध्ये स्क्वायरच्या नावानं एक हजार बेस काढल्या, क्रीम रंगाच्या, त्यांतली एक. ती वाजत नाही. पेटीत असते. पेटी पलंगाखाली, आणि पेटीत दमट हवा शोषून घेणाऱ्या पुड्या. वर्षातून एकदा ती बाहेर येते, मऊ फडक्यानं पुसली जाते आणि परत जाते. त्याच पलंगाशेजारच्या खणात पॉलिश पेपरचा एक कोरा ताव आहे. त्याची कथा अशी की फुलाफुलांच्या पोरांचा जमाना होता तेव्हा स्क्वायरनं आपल्या बेसला भिंतीवरचा फुलांचा कागद चिकटवला होता, मग चंदेरी कागद चिकटवला, मग ते सगळं खरवडून रंग दिला. प्रत्येक वेळी खरवडताना थोडं लाकूडही गेलं आणि बेस हलकी झाली. आवाजाचं खरं रहस्य या झिजण्यात आहे, असं मानणारा भक्तांचा एक मोठा पंथ आहे. खर्जे त्याच पंथातले. म्हणजे हाती असलेल्या मौल्यवान बेसचा रंग आपणच खरवडून काढल्याशिवाय मोक्ष नाही, आणि खरवडली तर तिची किंमत गेली. तो पॉलिश पेपर वर्षानुवर्षं खणात आहे. मिसेस खर्जे त्याला हात लावू देत नाहीत, पण फेकूनही देत नाहीत. संसार टिकतात ते असे.

मिसेस खर्जेंबद्दल दोन शब्द. त्यांना संगीतातलं काही कळत नाही असं त्या स्वतः म्हणतात, पण काचेच्या कपाटातली कुठली बशी कुठल्या सुराला किणकिणते हे त्यांना पाठ आहे. निळ्या काठाची बशी वाजली की त्या स्वयंपाकघरातून ओरडतात, "'स्टारशिप ट्रूपर' का?" आणि ते बरोबर असतं.

बेसभक्ताचं एक ठरलेलं दुःख असतं: बेस कुणी ऐकत नाही. हे दुःख खर्जे फार जपून वापरतात. जुन्या मैफलीची फिल्म लावली की त्यांचं सगळं लक्ष कॅमेरामनवर. 'येससाँग्ज' नावाची फिल्म आहे, डिसेंबर १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात चित्रित केलेली. तिच्यात बेसची नामी जागा आली आणि पडद्यावर दुसरंच कुणी दिसलं की खर्जे त्या कॅमेरामनला उद्देशून बोलू लागतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाला ते शांतपणे, इंग्रजी शिस्तीत, खालच्या आवाजात झापतात. माझ्या मनात मात्र एक प्रश्न खूप दिवस होता. एके दिवशी तो निसटला. मी म्हटलं, हा तुमचा स्क्वायर कुणाला ऐकू येत नाही? दगडालाही येईल. बाकीचे बेसवाले मागे अंधारात उभे राहून पाया भरत असतात. हा रंगमंचाच्या पुढ्यात, उंचापुरा, गुडघ्यापर्यंत बूट, झुलत्या बाह्या. बेसचा आवाज असा चढा ठेवलेला की गिटारवाल्यानं जागा मागावी. 'अवेकन' या १९७७च्या गाण्याला तर तीन मानांची बेस गळ्यात घालून उभा राहायचा. तीन मानांची! १९७१च्या 'फ्रॅजाइल' रेकॉर्डवर त्याचा स्वतःचा एक तुकडा आहे, 'द फिश'. त्यात एकावर एक चढवलेले आवाज जवळजवळ सगळे बेस गिटारचेच. पुढे त्या तुकड्याला आठ अक्षरांचं एखाद्या माशाचं नाव हवं म्हणून शोधाशोध झाली आणि 'शिंडलेरिया प्रिमॅचुरस' हे एका चिमुकल्या माशाचं शास्त्रीय नाव त्याला चिकटलं. जगातला सगळ्यात मोठ्यानं बोलणारा बेसवाला पकडायचा आणि त्याचं कुणी ऐकत नाही म्हणून उसासे टाकायचे, हे कसं?

खर्जेंनी चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऐकू येणं वेगळं."

त्यात थोडं तथ्य होतं, पण मला वाटतं खरी गोष्ट निराळी होती आणि ती लवकरच कळली. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. एके दिवशी भिंतीतून ओळखीची रेघ आली आणि ती अभ्यास टाकून उठली. "बाबा, हे तर मीममधलं गाणं!" 'राउंडअबाउट' हे 'येस'चं १९७१चं गाणं २०१२ साली 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' या जपानी कार्टून मालिकेच्या शेवटी वाजायला लागलं, आणि मग इंटरनेटवरच्या पोरांनी त्याचा खेळ केला. कुणीतरी पाय घसरून पडणार, इतक्यात चित्र थांबतं, गिटार येते आणि मग बेस धडकतो. माझी मुलगी शेजारी पळाली. खर्जेंना वाटलं असावं, देव पावला. नव्या पिढीतलं एक माणूस बेस ऐकून दारात आलं होतं. तिनं फोन काढून त्यांना एक मांजर टेबलावरून पडतानाचा व्हिडिओ दाखवला. मांजर हवेत थांबलं, बेस वाजला. पुढे एक म्हातारा खुर्चीवरून पडताना. बेस. एक लग्नातला केक. बेस.

खर्जे हसले खरे. पण त्या संध्याकाळी भिंत शांत होती. जगातल्या कोट्यवधी पोरांना ती जागा आता ठाऊक होती, तिच्यावर ती हसत होती, आणि खर्जेंच्या मालकीचं काहीतरी गेलं होतं. बेसभक्ताला सगळ्यांनी बेस ऐकावा असं वाटतं ते सगळे ऐकत नाहीत तोवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं आणि आवाज खाली आणून, घरातलं गुपित सांगावं तसं सांगितलं, की तुम्ही पोरं जी रेघ ऐकता ती नुसती बेसची नाही. तीच रेघ एक सप्तक वर, बँडमधल्या गिटारवाल्याची, म्हणजे स्टीव्ह हाउची गिबसन गिटार घेऊन, पुन्हा वाजवून वर चढवलेली आहे. "पण ती गिटारही स्क्वायरनंच वाजवली," ते घाईनं म्हणाले, "म्हणजे ती बेसच." मालकी परत मिळाली. मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, ते काका गोड आहेत, पण त्यांच्याशी वाद घालू नका."

आमच्या दोन घरांमधला एक दुवा मात्र खुद्द 'येस'नंच तयार करून ठेवला होता. १९७३ साली त्यांनी 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' नावाची जोडरेकॉर्ड काढली. चार बाजू, चार गाणी. गायक जॉन अँडरसननं परमहंस योगानंदांच्या 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी'मधली एक तळटीप वाचली, तीत श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशी शास्त्रांची विभागणी होती, आणि त्यानं एकेकाला एकेक बाजू देऊन टाकली. तळटिपेवर ऐंशी मिनिटं. आपल्याकडे ग्रंथावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी लिहिणाऱ्यांचीही छाती होणार नाही. खर्जेंनी ही रेकॉर्ड माझ्या पुढ्यात ठेवली आणि पेन्सिल घेऊन बसले. श्रुती आणि स्मृती यांत नेमका फरक काय? मी हिशेबतपासनीस. आमच्या घरी श्रुती म्हणजे चुलतबहीण आणि स्मृती तिची धाकटी. मी पुण्याला काकांना फोन लावला. काकांनी चाळीस मिनिटं सांगितलं, मी चार वाक्यांत खर्जेंना सांगितलं, त्यांनी दोन ओळींत टिपून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा. म्हणजे बेस सोलो तंत्रात आहे." चौथी बाजू 'रिच्युअल'. तिच्यात स्क्वायरचा बेस सोलो येतो. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.

याच रेकॉर्डच्या दौऱ्यातला प्रसंग बायकोला जास्त आवडला. कीबोर्डवाला रिक वेकमन या लांबलचक प्रकरणाला इतका विटला की मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये भर कार्यक्रमात कीबोर्डवर करी मांडून जेवला. वेकमन स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगतो: व्हिंडालू, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, वर भरलेला पराठा. "व्हिंडालू ठीक आहे, गोव्याचा म्हणता येईल," बायको म्हणाली, "पण बॉम्बे आलू मुंबईत कुणी पाहिलाय?" खर्जेंना त्या यादीत रस नव्हता. त्यांचा मुद्दा एवढाच की वेकमनला जेवायला सवड मिळाली. "बेसवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले होते," ते म्हणाले. वेकमननं पुढच्याच वर्षी बँड सोडला. स्क्वायरनं कधीच नाही. माणसं आली, गेली, परत आली, गायकसुद्धा बदलला, आणि या सगळ्या गोंधळात त्याच्या हयातीतल्या प्रत्येक स्टुडिओ रेकॉर्डवर असलेला माणूस एकच, जो वेळेवर कधी आला नाही.

२७ जून २०१५ रोजी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फीनिक्सला, स्क्वायर ल्युकेमियानं गेला. सदुसष्ट वर्षांचा होता. खर्जेंच्या घराचे पडदे लागले. भिंतीतून आठवडाभर काही आलं नाही. बायकोनं विचारलं, "यांच्यात सुतक किती दिवसांचं?" आणि उत्तराची वाट न बघता डब्यात मुगाची खिचडी घालून दिली. मिसेस खर्जेंनी डबा घेतला, कपाटातली निळ्या काठाची बशी त्याच्यासोबत परत पाठवली, साखर घालून. रिकामा डबा परत करायचा नसतो हे त्यांना एव्हाना ठाऊक झालं होतं. पुढे २०१७ मध्ये 'येस'ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा 'राउंडअबाउट'चा बेस 'रश' या कॅनेडियन बँडच्या गेडी लीनं वाजवला. स्क्वायरचा चाहता, स्वतःही नामवंत बेसवाला. खर्जे फिल्म बघता बघता पहिल्याच सुरांना रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "बोटांनी वाजवतोय."

दर ४ मार्चला खर्जे किंग्जबरीला जातात. स्क्वायर तिथे १९४८ साली जन्मला. हॅरोहून फार लांब नाही. एका वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. सेंट अँड्र्यूजचं चर्च आहे तिथे, स्क्वायर लहानपणी त्याच्या गायकवृंदात गायचा. हे चर्च मूळचं मध्य लंडनमधल्या वेल्स स्ट्रीटचं. १९३०च्या दशकात दगड न् दगड सुटा करून किंग्जबरीला आणून पुन्हा उभं केलं. खर्जेंना यात काही विशेष वाटत नव्हतं, मला वाटलं. त्यांना विशेष वाटत होतं ते ऑर्गनचं. गायकवृंद शिकवणारे बॅरी रोझ पुढे सेंट पॉल्स कॅथीड्रलला गेले आणि जुन्या विद्यार्थ्याच्या 'फिश आउट ऑफ वॉटर'वर त्यांनी तिथला ऑर्गन वाजवला. "बेस तो इथे शिकला," खर्जे म्हणाले, "ऑर्गनच्या पायपट्ट्यांखाली." शाळेत म्हणे केस फार वाढले म्हणून कापून यायला सांगितलं आणि त्यासाठी अडीच शिलिंग दिले. तो पैसे घेऊन घरी गेला तो परत शाळेत आलाच नाही, आणि थोड्याच काळात रीजंट स्ट्रीटवरच्या बूझी अँड हॉक्सच्या दुकानात वाद्यं विकायला लागला. तिथल्या नोकरसवलतीत ती रिकेनबॅकर आली. किंग्जबरीत आता रस्ताभर गुजराती पाट्या, मिठाईची दुकानं, फरसाण. खर्जेंनी चर्चसमोर टोपी काढली, दोन मिनिटं उभे राहिले आणि मग आम्ही पात्रा खाल्ला. खर्जेंना तो फार आवडला. वेळेवर मिळाला, म्हणाले.

त्याच वसंतात हॅरोतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे घरगुती बैठक होती. पुण्याहून आलेल्या गायिका, इथलाच हौशी तबलजी, मागे तानपुऱ्यावर त्यांची शिष्या. मी खर्जेंना नेलं. अर्थात पाऊण तास आधी पोचलो, आणि यजमानांनी आमच्याकडून सतरंज्या अंथरून घेतल्या. बाईंनी विलंबित एकतालात ख्याल सुरू केला. खर्जेंनी मान कलती केली, एक कान सतरंजीकडे. मला लक्षण कळलं.

"ही मागची मुलगी," ते कुजबुजले, "तिची ओळख का नाही करून दिली? ती जी चौथी तार छेडतेय..." खर्जाची तार. मी सांगितलं, ती तानपुऱ्यावर आहे, तिची ओळख करून देत नाहीत. खर्जेंनी मान हलवली. अन्याय इथेही पोचला होता. थोड्या वेळानं पुन्हा कुजबुज. "आणि डाव्या हाताला वाजवणारे ते गृहस्थ कोण?"

"एकच माणूस आहे. उजवा तबला, डावा डग्गा. दोन्ही त्याचेच हात."

खर्जे माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे स्टिरिओ!"

मध्यंतरात ते थेट तबलजीसमोर जाऊन उभे राहिले आणि डग्ग्यावर मनगट घासून जो आवाज वर चढतो, त्याबद्दल पाच मिनिटं बोलले. तबलजी दिवसा दातांचे डॉक्टर. त्यांच्या उजव्या हाताचं कौतुक अनेकांनी केलं होतं, तिय्यांचं केलं होतं, कुर्त्याचंसुद्धा केलं होतं. डाव्या हाताला दाद देणारा हा पहिला माणूस. त्यांचे डोळे भरून आले. मध्यंतरानंतर नाट्यपदं झाली आणि डग्गा बोलू लागला. पहिल्या पदात शोभला. दुसऱ्यात खर्जेंनी डोळे मिटून मान डोलावली, ते तबलजींनी पाहिलं आणि मनगट आणखी घासलं. बाईंनी हातानं 'जरा खाली' अशी खूण केली. तबलजींना वाटलं दाद दिली, त्यांनी हसून नमस्कार केला आणि आणखी वर गेले. भैरवीपर्यंत यजमानांच्या कपाटातल्या बश्या वाजत होत्या. मी बाईंच्या तोंडाकडे बघण्याचं टाळत होतो.

बैठक संपल्यावर बटाटेवडे आले. खर्जे चांगल्या रीतीचे. तबलजींचा हात दोन्ही हातांत घेऊन झाल्यावर ते मुद्दाम बाईंसमोर गेले, थोडे वाकले आणि अदबीनं म्हणाले, "तुम्हीही फार छान गायलात. मधूनमधून अगदी स्पष्ट ऐकू येत होतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तबलजींकडे, आणि अस्खलित इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्यासारखा रसिक विरळा. पुढच्या बैठकीला मी येत नाही, तुम्ही दोघंच बसा."

खर्जेंनी खिशातून डायरी काढली आणि तारीख विचारली.